अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला असिस्टंट कोच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं शिकायला अमेरिकेत गेली की शनिवारच्या फोनवर फुटबॉल येतंच. स्टेडियममधले फोटो येतात, विद्यापीठाच्या रंगाचे टी-शर्ट दिसतात आणि मग इकडून प्रश्न सुरू होतात. हेड कोचला कोट्यवधी रुपये मिळतात हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. पण बाजूला हेडसेट लावून घसा फोडणारी ती दहा-बारा माणसं कोण, त्यांना पगार किती, संघ हरला की त्यांचं काय होतं? हे पान त्या माणसांबद्दल आहे. उदाहरणादाखल मुख्यतः व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे बड फॉस्टर घेतले आहेत. त्यांची कारकीर्द मला सगळ्यांत जवळून माहीत आहे, आणि या धंद्यात ती जवळपास अशक्य वाटावी अशी आहे.

हे फुटबॉल नेमकं कोणतं? आणि कॉलेजच्या संघाला इतके कोच कशाला?

अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड. आपल्याकडचं कोल्हापूर-गोव्याचं फुटबॉल नव्हे. एका संघात शंभरेक पोरं असतात आणि त्यांच्या तीन वेगळ्या फौजा: आक्रमण, बचाव आणि किकच्या वेळी उतरणारी स्पेशल टीम्स. चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा क्वार्टरबॅक आणि त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा राहणारा दीडशे किलोचा लाइनमन एकाच खेळात असले तरी त्यांच्या कामात काडीचंही साम्य नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जागेला स्वतंत्र कोच लागतो.

वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, सव्वाशेहून जास्त विद्यापीठं आहेत. तिथे २०१७ पर्यंत नऊ असिस्टंट ठेवायची मुभा होती, जानेवारी २०१८ पासून दहावा आला. २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, मैदानावर शिकवणाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादाच उठवली. विद्यापीठाबाहेर जाऊन खेळाडू शोधण्याचं काम मात्र अजूनही हेड कोच आणि दहा असिस्टंटांनाच करता येतं. खरा असिस्टंट कोण, हे आता त्या दहांच्या यादीवरून कळतं.

असिस्टंट कोच आणि कोऑर्डिनेटर यात फरक काय?

कोऑर्डिनेटर हाही असिस्टंटच, पण वरच्या पायरीवरचा. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडे सगळा बचाव, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकडे सगळं आक्रमण. त्यांच्या हाताखाली लाइनबॅकर, रिसीव्हर, रनिंग बॅक अशा एकेका गटाचे पोझिशन कोच. सामन्यात पुढची चाल कोणती हे बहुतेक संघांत कोऑर्डिनेटर सांगतो. काही जण त्यासाठी मैदानाशेजारी उभे राहतात, काही वर काचेच्या खोलीत बसतात, कारण तिथून बावीसच्या बावीस माणसं दिसतात.

२०२४ पासून एफबीएसमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्याआधी सगळं हातवाऱ्यांवर आणि मोठमोठ्या चित्रांच्या फलकांवर चालायचं.

बड फॉस्टर कोण?

फॉस्टर केंटकी राज्यातल्या मरे स्टेट या लहान विद्यापीठाच्या संघात बचावात खेळायचे. तिथे बचाव सांभाळणारे कोच होते फ्रँक बीमर. १९८१ मध्ये बीमर हेड कोच झाले आणि फॉस्टर त्यांच्याकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागले. १९८७ मध्ये बीमरना व्हर्जिनिया टेकने बोलावलं, त्यांनी फॉस्टरना सोबत नेलं. डोंगरात वसलेल्या ब्लॅक्सबर्ग नावाच्या त्या लहान गावात फॉस्टर आले ते ३३ हंगाम तिथेच राहिले, आणि त्यातले २५ हंगाम बचावाची सूत्रं त्यांच्याकडे होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितलं की हा हंगाम शेवटचा. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात त्यांच्या पोरांनी पिट्सबर्गला एकही गुण करू दिला नाही. २८-०. बचावाच्या कोचला निरोप द्यायचा तर असा.

त्यांच्या बचावाची खूण होती एक जुनाट, पोचे आलेला पत्र्याचा डबा. कारखान्यात, खाणीत जाणारा कामगार हातात घेऊन निघतो तसला. त्यात जेवण नसायचं. त्या हंगामाची उद्दिष्टं लिहिलेला कागद असायचा आणि परक्या मैदानावर जिंकल्यावर तिथून उपटून आणलेला गवताचा तुकडा. आठवडाभर ज्याने सगळ्यांत जास्त घाम गाळला त्याने तो डबा घेऊन मैदानात उतरायचं. अमेरिकेत असल्या प्रतीकांचा सुळसुळाट आहे आणि बरीचशी जाहिरातबाजी असते. हा डबा मात्र १९९५ पासून टिकला, कारण तो आणणारा माणूस टिकला.

या धंद्यात शिरायचं कुठून?

बहुतेकांसाठी दार एकच: ग्रॅज्युएट असिस्टंट, बोलताना नुसतं ‘जीए’. कॉलेजचं खेळणं संपलेला, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाण्याइतका चांगला नसलेला, पण खेळ सुटत नसलेला पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा मास्टर्सला नाव घालतो. फी माफ, हातखर्चापुरते पैसे आणि कामाचे तास विचारायचे नाहीत.

त्याचं काम काय? समजा, येत्या शनिवारी समोर अमुक संघ आहे. त्यांच्या मागच्या चार-पाच सामन्यांची फिल्म घ्यायची आणि प्रत्येक चालीपुढे नोंद करायची: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर होता की उजव्या, रिसीव्हर कसे उभे होते, शेवटी काय केलं. अशा शेकडो नोंदी. त्यातून कोऑर्डिनेटरला उत्तर हवं असतं की तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असले की हे लोक काय करतात. मग कार्डं. प्रतिस्पर्ध्याची एकेक चाल जाड कागदावर मार्करने काढायची, गोल म्हणजे आपण, बाण म्हणजे पळायची दिशा. मंगळवारच्या सरावाला ‘स्काउट टीम’ची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या राखीव पोरांची टोळी भोवती जमते. जीएने कार्ड डोक्यावर धरायचं, पोरांनी चार सेकंद बघायचं आणि तसंच पळायचं. कार्ड चुकलं तर बचावाच्या पहिल्या फळीचा तेवढा सराव वाया, आणि कोऑर्डिनेटरचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जातो.

कर्बी स्मार्ट आज जॉर्जियाचे हेड कोच आहेत, २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. तेही फ्लोरिडा स्टेटमध्ये जीए होते. व्हर्जिनिया टेकमध्ये १९९५ ते ९७ या काळात फॉस्टर यांच्या बचावात जीए म्हणून राबलेले ब्रेंट प्राय २०२१च्या अखेरीस त्याच विद्यापीठात हेड कोच होऊन परतले. त्यांचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

आठवडा कसा जातो?

रविवारी आदल्या दिवशीची फिल्म. प्रत्येक चालीत आपल्या गटातल्या प्रत्येक पोराला गुण द्यायचे, मग तो जिंकलेला सामना का असेना. रविवारी रात्रीपासूनच पुढचा प्रतिस्पर्धी. मंगळवार-बुधवार दणकून सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी हॉटेल. सामना आपल्याच गावात असला तरी बहुतेक संघ आदली रात्र हॉटेलवर काढतात, पोरं डोळ्यांसमोर राहावीत म्हणून.

खेळाडूंकडून हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही असा नियम आहे. कोचला असा कुठलाही नियम नाही. ऑफिसमध्ये उशी ठेवणारे कोच ही या धंद्यातली थट्टा आहे, पण थट्टा वाटते तेवढी खोटी नाही.

म्हणजे वर्षातले चार-पाच महिनेच काम?

नाही. खरं काम उरलेल्या महिन्यांत असतं. खाली बघा.

रिक्रूटिंग म्हणजे काय? कोचला खेळ शिकवायचा की पोरं गोळा करायची?

दोन्ही, आणि नोकरी टिकते ती बहुधा दुसऱ्यावर. प्रत्येक असिस्टंटला एक इलाखा वाटून दिलेला असतो. उदाहरणार्थ, व्हर्जिनियाचा समुद्रकिनारी भाग, ज्याला तिथे ‘सेव्हन फाइव्ह सेव्हन’ म्हणतात, कारण तिथल्या फोन नंबरांची सुरुवात त्या आकड्यांनी होते. व्हर्जिनिया टेकचा गाजलेला क्वार्टरबॅक मायकल विक त्याच भागातला. तिथल्या प्रत्येक शाळेचा कोच, त्याच्या बायकोचं नाव, शाळेचा शिपाईसुद्धा असिस्टंटला माहीत असावा लागतो. पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं असल्यापासून मेसेज सुरू होतात. कधी भेटायचं, कधी नाही, घरी कधी जायचं याचं एनसीएएचं कॅलेंडर आहे, आणि बाहेर जाऊन पोरं निवडायची तर नियमांची परीक्षा पास व्हावी लागते.

घरी गेल्यावर हेड कोच तासभर बसतो. पण त्या घराचा उंबरा वर्षभर झिजवलेला असतो तो असिस्टंटने. आई विचारते, माझ्या मुलाची डिग्री पूर्ण होईल ना? आजी विचारते, तुम्ही किती वर्षं राहणार इथे? दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर कुठल्याच असिस्टंटला माहीत नसतं, आणि तरी उत्तर द्यावं लागतं. या पेशातली सगळ्यांत अवघड गोष्ट मला विचाराल तर हीच. सही होते आधी फेब्रुवारीत, आता बहुतेकांची डिसेंबरमध्ये, आणि डिसेंबर हाच कोच लोकांच्या उचलबांगडीचा महिना. पोराने ज्याच्या शब्दावर सही केली तो माणूस जानेवारीत दुसऱ्याच राज्यात टोपी बदलून बसलेला असतो.

फॉस्टर यांना त्या आजीचा प्रश्न सोपा जायचा. हा फायदा कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही.

पगार किती?

जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००९ मध्ये टेनेसीने माँटी किफिन यांना बचावासाठी वर्षाला १२ लाख डॉलर दिले तेव्हा देशभर बातमी झाली, कारण असिस्टंटला दहा लाखांवर पगार ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. (हेड कोच त्यांचाच मुलगा लेन होता. बाप मुलाच्या हाताखाली, हेही नवलच.) २०१८ मध्ये क्लेमसनने बचावाचे कोऑर्डिनेटर ब्रेंट व्हेनेबल्सशी पाच वर्षांसाठी १ कोटी १६ लाख डॉलरचा करार केला. २०२५च्या जानेवारीत जिम नोल्स यांना पेन स्टेटने वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलर देऊन ओहायो स्टेटकडून उचललं. रुपयांत पंचवीस कोटींच्या वर, तेही असिस्टंटला.

ही शिखरं झाली. लहान विद्यापीठात पोझिशन कोचचा पगार शाळामास्तरच्या आसपास असतो, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे सगळ्यांत खालच्या गटात, खेळाडूंना खेळासाठी स्कॉलरशिपच नसते, तिथल्या कोचला फुटबॉलबरोबर आणखी एखादं काम सांभाळावं लागतं. सरकारी विद्यापीठांतले करार खुले असतात. कोणाला किती मिळतं हे पेपरात छापून येतं, त्यामुळे शेजाऱ्यालाही पगार माहीत आणि हरल्यावर त्याचा हिशोब मांडणारेही भरपूर.

हेड कोचला काढलं की असिस्टंटचं काय होतं?

सुक्याबरोबर ओलंही जळतं.

हेड कोचचा करार लांब आणि भक्कम असतो. टेक्सस ए अँड एमने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. असिस्टंटचा करार बहुधा एक-दोन वर्षांचा, मोठ्यांचा तीन. नवा हेड कोच आला की तो जुन्यांना एकेकाला खोलीत बोलावतो. काही भेटी पाच मिनिटांत संपतात. एखाद्याला ठेवतो, बहुतेकदा इलाख्यातल्या ओळखींसाठी. बाकीचे खोकी भरतात. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं. कागदोपत्री तिथे व्याख्यानं असतात. प्रत्यक्षात हॉटेलच्या लॉबीत नोकरी शोधणाऱ्यांची जत्रा असते, खिशात बायोडेटा आणि नजर कोणाच्या शर्टावर कुठल्या विद्यापीठाचं चिन्ह आहे त्यावर.

सगळ्यांत महागड्या असिस्टंटचीही यातून सुटका नाही. ते ३१ लाख डॉलरवाले नोल्स पेन स्टेटला गेले, आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये, पहिला हंगाम निम्मा व्हायच्या सुमारास, त्यांना आणणारे हेड कोच जेम्स फ्रँकलिन यांनाच विद्यापीठाने काढलं. त्याच्या महिनाभर आधी व्हर्जिनिया टेकने ब्रेंट प्राय यांना काढलं होतं, हंगामातले पहिले तीन सामने हरल्यावर. त्यांच्याबरोबर अख्ख्या स्टाफची झोप उडाली.

डॅबो स्वीनी यांची गोष्ट याच्या दोन्ही बाजू दाखवते. २०००च्या हंगामानंतर अलाबामाने हेड कोच बदलला, असिस्टंट स्वीनी बेकार झाले आणि दोन वर्षं रिअल इस्टेटच्या कंपनीत नोकरी करत होते. २००३ मध्ये जुन्या ओळखीतून क्लेमसनला रिसीव्हर कोच म्हणून लागले. २००८च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या हेड कोचने भर हंगामात पद सोडलं आणि विद्यापीठाने तात्पुरता हेड कोच म्हणून नेमलं ते कोऑर्डिनेटर म्हणून कधीच काम न केलेल्या या असिस्टंटला. पुढे त्यांनी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण असा एक स्वीनी झाला म्हणून खोकी भरणाऱ्या बाकीच्यांचं घरभाडं थांबत नाही.

मग फॉस्टर ३३ हंगाम कसे टिकले?

पहिलं उत्तर: बीमर टिकले म्हणून. १९९२ मध्ये संघाने दोन सामने जिंकले, आठ हरले, एक बरोबरीत सुटला, आणि बीमर यांची नोकरी जाता जाता वाचली. त्या वेळी स्टाफमधले काही बदलले गेले, फॉस्टर राहिले. विद्यापीठाने धीर धरला आणि पुढच्या वर्षी संघ थेट बोल सामन्यात, म्हणजे हंगामाअखेरीस चांगल्या संघांना मिळणाऱ्या निमंत्रणाच्या सामन्यात, खेळला. तिथून २०१९ पर्यंत सलग २७ हंगाम बोल सामना चुकला नाही. आजच्या हवेत १९९२ सारखा हंगाम झाला तर हेड कोच नोव्हेंबरही बघत नाही, आणि फॉस्टर नावाच्या एका लाइनबॅकर कोचची आठवणही कोणी ठेवली नसती.

दुसरं उत्तर: २०१५ मध्ये बीमर निवृत्त झाले तेव्हा नवे हेड कोच जस्टिन फ्युएन्टे यांनी सगळ्यांत आधी फॉस्टर यांना ठेवून घेतलं. हे क्वचित घडतं. जुन्या राजाचा सेनापती नव्या दरबारात सहसा चालत नाही.

डावपेच खरंच असिस्टंटचे असतात का? श्रेय तर हेड कोचला मिळतं.

६ सप्टेंबर २०१४ चा सामना बघा. व्हर्जिनिया टेक गेलं होतं कोलंबसला, ओहायो स्टेटच्या घरी, लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर. ओहायो स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक ऑगस्टमध्ये खांदा दुखावून बसला होता, त्याच्या जागी जे. टी. बॅरेट हा नवखा पोरगा, आणि त्याच्यापुढची लाइनही बरीचशी नवी. फॉस्टर यांनी ‘बेअर’ नावाची जुनी रचना काढली: समोरच्या मधल्या तीनही लाइनमनच्या नाकासमोर एकेक माणूस उभा करायचा, मागचे सेफ्टी पुढे खेचायचे आणि कोपऱ्यातल्या कॉर्नरबॅकना रिसीव्हरांसमोर एकटं सोडायचं. पळायची वाट बंद, म्हणजे नवख्या पोराला चेंडू फेकावाच लागणार, आणि त्याला विचार करायला वेळ मिळणार नाही. यात धोका उघड आहे. एक कॉर्नरबॅक घसरला की मागे कोणी नाही.

बॅरेटला सात वेळा चेंडू हातात असताना पाडलं, त्याचे तीन पास चोरले, शेवटचा चोरून थेट टचडाउनपर्यंत पळवला. ३५-२१. ओहायो स्टेट त्या हंगामात पुन्हा हरलं नाही आणि पहिल्यावहिल्या प्लेऑफचं, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या सामन्यांचं, विजेतेपद घेऊन गेलं. म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्याला हरवण्याची युक्ती फक्त एका असिस्टंटला सापडली होती.

वर्षभराने ब्लॅक्सबर्गला परतीचा सामना झाला. ओहायो स्टेट ४२-२४ ने जिंकलं. त्यांच्या असिस्टंटांनी सबंध वर्ष त्या फिल्मवर काढलेलं असणार.

एकाच संघातल्या दोन असिस्टंटांचं नशीब वेगळं असू शकतं?

आयोवा, २०२३. आक्रमणाचे कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेंट्झ हे हेड कोच कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव. आक्रमण इतकं रडत होतं की विद्यापीठाने त्यांच्या करारात अटच घातली: संघाने सामन्यामागे सरासरी २५ गुण केले पाहिजेत. देशभर लोक दर शनिवारी ती सरासरी मोजायचे, चेष्टा करत. हंगाम संपायच्या आतच, ऑक्टोबरअखेरीस, त्यांना पुढच्या वर्षी नसल्याचं सांगण्यात आलं. त्याच संघाने दहा सामने जिंकले, कारण बचाव कोणाला गुण करू देत नव्हता, आणि त्या बचावाचे कोऑर्डिनेटर फिल पार्कर यांना देशातला सर्वोत्तम असिस्टंट म्हणून ब्रॉइल्स पुरस्कार मिळाला. वशिल्याबद्दल लोक बोलले, आणि बोलणारच.

ब्रॉइल्स पुरस्कार म्हणजे काय? तो मिळाला की हेड कोच होतात?

आर्कान्सॉचे जुने कोच फ्रँक ब्रॉइल्स यांच्या नावाने १९९६ पासून हा पुरस्कार खास असिस्टंटांसाठी दिला जातो. पहिले मानकरी फ्लोरिडा स्टेटचे मिकी अँड्र्यूज. गंमत म्हणजे कर्बी स्मार्ट तिथे जीए होते ते यांच्याच बचावात, आणि २००९ मध्ये तो पुरस्कार त्यांनाही मिळाला. लिंकन रायली २०१५, व्हेनेबल्स २०१६, सार्कीशियन २०२० हेही मोठ्या विद्यापीठांचे हेड कोच झालेले दिसतील.

फॉस्टर यांना तो २००६ मध्ये मिळाला. हेड कोचपदासाठी त्यांचं नाव अनेकदा चर्चेत आलं, पण ते ब्लॅक्सबर्ग सोडून गेले नाहीत. आपल्याकडे ‘शेवटपर्यंत असिस्टंटच राहिले’ हे वाक्य हळहळत म्हटलं जाईल. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. हेड कोचचा निम्मा वेळ देणगीदारांबरोबर जेवण्यात आणि पत्रकारांसमोर बसण्यात जातो. चिप केली यांनी तर २०२४ मध्ये यूसीएलएचं हेड कोचपद सोडून ओहायो स्टेटला आक्रमणाचे कोऑर्डिनेटर होणं पसंत केलं, आणि त्याच हंगामात विजेतेपद मिळवलं.

आता खेळाडूंना पैसे मिळतात म्हणे. असिस्टंटच्या कामात काय बदललं?

बरंच. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची खुली यादी. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसायची अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे वाटतात, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आता असिस्टंटला बाहेरची पोरं आणायची असतातच, शिवाय स्वतःच्याच खोलीत बसलेल्या पोरांना दर वर्षी नव्याने राजी करावं लागतं. पैशांच्या वाटाघाटी करायला विद्यापीठांनी जनरल मॅनेजर नेमायला सुरुवात केली. स्टॅनफर्डने २०२४ मध्ये त्यांचाच जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला आणलं. त्यामुळे ओझं थोडं हललं, पण रात्री अकराला फोन येतो तो अजूनही पोझिशन कोचलाच.

बायका या कामात आहेत का?

अगदी थोड्या. २०१८ मध्ये डार्टमथने कॅली ब्राउनसन यांना पूर्णवेळ घेतलं तेव्हा डिव्हिजन वनमध्ये ती पहिलीच नेमणूक होती. पुढे त्या एनएफएलमध्ये गेल्या. जाता जाता हेही सांगायला हवं की खेळाडूंत कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण मोठं असूनही हेड कोचच्या खुर्च्यांत ते दिसत नाही. कृष्णवर्णीय असिस्टंटांना ‘चांगला रिक्रूटर’ म्हणून रिसीव्हर किंवा रनिंग बॅकच्या कोचपदावरच अडकवून ठेवतात, कोऑर्डिनेटरपर्यंत जाऊ देत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. मेरीलँडचे माइक लॉक्सली यांनी २०२० मध्ये याच कारणासाठी अल्पसंख्याक कोचांची संघटना उभी केली.

भारतात, महाराष्ट्रात या खेळाचा काही संबंध?

थोडासा. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. सामने मात्र श्रीलंकेत झाले, आणि लीग फार चालली नाही. आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे, पाच-पाच जणांचं, धडक न देता कमरेची पट्टी ओढून थांबवायचं. त्यामुळे इथेही त्याचे संघ उभे राहू लागले तर नवल नाही.

माझी मुलगी/मुलगा अमेरिकेत एमएसला चाललाय. कधी खेळलेला नाही. या संघात काही काम मिळू शकतं?

कोच म्हणून जवळपास नाहीच, पण स्टाफमध्ये शिरकाव होऊ शकतो. सराव आणि सामन्यांचं चित्रण करणारे विद्यार्थी लागतात, सामानसुमान आणि सरावाची मांडणी बघणारे स्टुडंट मॅनेजर लागतात, आणि गेल्या काही वर्षांत आकडेवारी हाताळणाऱ्यांना मागणी आहे. चौथ्या डाउनला किक मारायची की जोखीम घ्यायची, याचं गणित आता कोडिंग येणारी पोरं मांडतात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या.

हंगामात कोणाला ईमेल करू नका, कोणी वाचणार नाही. जानेवारीतही नको, तेव्हा निम्म्यांना स्वतःचीच नोकरी राहील की नाही हे माहीत नसतं. मार्च-एप्रिलमध्ये वसंतातला सराव चालतो, तेव्हा लिहा, आणि हेड कोचला न लिहिता ‘फुटबॉल ऑपरेशन्स’च्या माणसाला लिहा. सोबत स्वतः केलेलं काहीतरी जोडा, चार-पाच सामन्यांच्या तिसऱ्या डाउनचा तक्ता असला तरी चालेल.